सेरामाइडचा कंडिशनर लावूनही केस परत राठ होतात? आधी बादलीतलं पाणी बघा

तक्रार जवळजवळ एकाच साच्यातली असते. "वैनी, पहिल्या तीन-चार न्हाण्याला काय मऊ झालते केस! आता परत तसंच व्हायलंय बघा. बाटली डुप्लिकेट असंल काय?"

बाटली सहसा डुप्लिकेट नसते. मग दुसऱ्या कंपनीचा कंडिशनर येतो, तोही चार दिवस भारी वाटतो, आणि महिन्याभरात गाडी परत मूळ पदावर. फेब्रुवारी-मार्चपासून ही तक्रार वाढत जाते आणि पावसाळा नीट सुरू झाला की कमी होते. यातच अर्धं उत्तर आहे.

मी बेळगावच्या शहापूर भागात पार्लर चालवते. गिऱ्हाइकं बेळगावातली आहेतच, शिवाय लग्नसराईत खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी, अथणीकडच्या मुलीही येतात. गाव बदललं की तक्रार बदलते. खानापूर-जांबोटीकडच्या बायका "चिकट होतात" म्हणतात, अथणी-रायबागकडच्या "राठ होतात, कंगवा फिरत नाही" म्हणतात. कंडिशनर कधी कधी एकच असतो. त्यामुळे कुणी सेरामाइडची बाटली घेऊन आलं की मी आधी विचारते, न्हायला पाणी कुठलं? नळाचं, विहिरीचं, बोअरचं की टँकरचं?

सेरामाइड करतं काय, आणि काय करत नाही

सेरामाइड हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात जे स्निग्ध पदार्थ असतात, त्यातले वजनानं निम्म्याच्या आसपास सेरामाइडच असतात. म्हणून चेहऱ्याच्या क्रीममध्ये त्याचं एवढं कौतुक. केसात ते असतं, पण फार थोडं. केसावर खवल्यांचे साधारण ६ ते १० थर असतात, खानापूरकडच्या घरांवरच्या मंगळुरी कौलांसारखे एकावर एक चढवलेले, तोंड खाली टोकाकडे. या खवल्यांना धरून ठेवणारा जो पातळ थर मध्ये असतो, त्यात सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडं असतात. वरच्या पृष्ठभागावर १८-एमईए नावाचं आणखी एक फॅटी ॲसिड पक्कं जोडलेलं असतं. कधी न रंगवलेल्या केसाला जो निसरडेपणा असतो तो बराचसा त्याचा.

ब्लीच केलं, अमोनियाचा रंग लावला, की ते १८-एमईए मोठ्या प्रमाणात निघून जातं. ऊन, रोजची घासाघीस आणि तापलेला स्ट्रेटनर खवल्यांच्या कडा उचकटतात, आतले स्निग्ध पदार्थही हळूहळू कमी होतात. वरून लावलेलं सेरामाइड ही झीज कायमची भरून काढत नाही. ते खवल्यांच्या कडांवर बसतं, केसाला केस घासणं कमी करतं, थोडी चमक आणतं, आणि पुढच्या धुण्यांत निघून जातं. म्हणजे ते परत परत लावावं लागणार, हे धरूनच चालायचं.

बाटलीवर "रिपेअर" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच घ्या. कातडी जिवंत असते, आपलं सेरामाइड आपण बनवते. टाळूच्या वर आलेला केस मेलेला असतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे ६० सेंटीमीटर वेणीचं टोक पाचेक वर्षांचं झालेलं असतं. पाच वर्षं ऊन, फणी, रबर आणि गाडीवरचा वारा खाल्लेल्या टोकाकडून फार अपेक्षा नकोत. फायटोसेरामाइडच्या, म्हणजे वनस्पतींपासून काढलेल्या सेरामाइडच्या गोळ्यांबद्दलही विचारतात. गोळी पोटातून रक्तात गेली तरी वाढून बाहेर आलेल्या केसात रक्त जात नाही, त्यामुळे राठ टोकांवर तिचा उपाय होणं शक्य नाही.

चार दिवस मऊ, मग परत राठ

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबते.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. केसाच्या पृष्ठभागावर, विशेषतः खराब झालेल्या भागावर, ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियमचा भार धन. त्यामुळे कॅल्शियम केसाला धरून बसतं. रंगवलेला किंवा ब्लीच केलेला केस ते जास्त ओढून घेतो, कारण त्यावर अशा जागा जास्त असतात. कंडिशनरमधला खरा काम करणारा पदार्थही, बेहेन्ट्रिमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड, धनभाराचाच असतो आणि त्याच जागांवर बसायला बघतो. जागा आधीच अडल्या असल्या की कंडिशनर नीट बसत नाही. सेरामाइड तर त्याच थराबरोबर केसावर येतं, मग तेही पोचत नाही.

नवी बाटली आणली की सुरुवातीला त्यातले सिलिकोन आणि मेणाचे पदार्थ खडबडीतपणा झाकतात, केस मऊ लागतो. खाली क्षार साठतच असतात. काही न्हाण्यांनंतर एकावर एक थर चढतात, केस जड, निस्तेज होतो, सुकल्यावर सुतळीसारखा कडक वाटतो. आपण म्हणतो बाटलीचा गुण संपला.

त्यात आपल्याकडची पाण्याची सवय भर घालते. बेळगाव शहराला नळाचं पाणी राकसकोप आणि हिडकल या धरणांमधून येतं. हे नदीचं, साठवलेलं पाणी बोअरच्या मानानं मऊ. पण नळ रोज येत नाही, उन्हाळ्यात तर अंतर वाढतं. मग जुन्या घरांत विहीर उपसतात, अपार्टमेंटमध्ये बोअर चालू होतं किंवा टँकर येतो. बऱ्याच ठिकाणी सगळं एकाच टाकीत पडतं, म्हणून बाईला कळतही नाही की या शुक्रवारी ती नळाच्या पाण्यानं न्हाली आणि गेल्या शुक्रवारी बोअरच्या. तक्रार कधी असते, कधी नसते, त्याचं कारण इथं शोधा. अथणी, रायबागच्या काळ्या रानात बोअरचं पाणी सवळ लागतं हे तिथल्या लोकांना सांगायला नको. खानापूरच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी त्या मानानं हलकं.

पाणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. प्लास्टिकची रिकामी बाटली अर्धी भरा, त्यात आंघोळीच्या साध्या साबणाची चिमूटभर किसलेली भुकटी टाका आणि जोरात हलवा. साबणाच्या कागदावर "टीएफएम" (साबणातल्या स्निग्ध पदार्थाचं प्रमाण) लिहिलेलं असेल तो घ्या. बेबी बार किंवा चेहऱ्याचा सिंडेट बार, म्हणजे खरा साबण नसलेली वडी, नको, तो जड पाण्यातही फेस देतो आणि फसवतो. तुलनेला शेजारी दुसरी बाटली ठेवा, गॅरेजमध्ये मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्याची. मऊ पाण्यात दाट फेस राहतो आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. जड पाण्यात फेस लगेच बसतो, पाणी दुधाळ होतं आणि वर पांढुरकी साय धरते. साबणानं डोकं धुतलं तर केसावर बसतो तो थर हाच. अजूनही आंघोळीच्याच साबणानं डोकं धुणाऱ्या मावशींनी ही साय एकदा बोटानं उचलून बघावी.

बंबाचा किंवा गिझरचा तळ हा दुसरा साक्षीदार. पांढरी खपली धरत असेल तर पाण्यात कॅल्शियम आहेच. आरओवाला येऊन टीडीएसचं मीटर बुडवून आकडा सांगतो, त्यावर मात्र निकाल देऊ नका. टीडीएसमध्ये सगळेच विरघळलेले क्षार येतात, मीठसुद्धा. आपल्याला हवी ती कठिणता, म्हणजे पाण्याचा जडपणा, ती वेगळी मोजावी लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, कठिणतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पिण्याला चाललं म्हणून केसाला चालेलच असं नाही.

पाणीच दोषी निघालं तर उपाय दोन टप्प्यांत. आधी साठलेला थर काढायचा, मग तो परत साठू द्यायचा नाही.

थर काढायला साध्या शाम्पूचे दोन हात मारून भागत नाही. "क्लॅरिफाइंग" शाम्पू तेल आणि सिलिकोन काढतो, कॅल्शियम काढेलच असं नाही. "चीलेटिंग" (क्षार पकडून काढणारा) किंवा "हार्ड वॉटर" लिहिलेला बघा. पोहणाऱ्यांसाठी म्हणून मिळतात तेही चालतात. लेबलवर टेट्रासोडियम ईडीटीए, फायटिक ॲसिड, सोडियम ग्लुकोनेट अशी नावं वरच्या भागात असली तर बरं. डायसोडियम ईडीटीए बहुतेक प्रत्येक शाम्पूत शेवटी थोडंसं असतंच, ते बाटली टिकावी म्हणून. त्यावर विसंबू नका. हा शाम्पू लावून तीन ते पाच मिनिटं ठेवा, मग धुवा. केस करकरीत लागेल, घाबरू नका, लगेच सेरामाइडचा कंडिशनर लावा. त्या दिवशी कंडिशनर जसा बसतो तसा एरवी बसत नाही. बोअरवरच असाल तर पंधरा दिवसांतून एकदा पुरे. नळाच्या पाण्याला महिन्यातून एकदा, कधी तेवढीही गरज नसते. रंग नुकताच लावला असेल तर तो थोडा उतरेल, हे आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढची तक्रार माझ्यावर येते.

परत साठू नये म्हणून सगळं न्हाणं गोड्या पाण्यानं झालं तर उत्तमच. ते जमत नसेल तर नळ येतो त्या दिवशी झाकणाची एक बादली फक्त डोक्यासाठी बाजूला ठेवा. अंग बोअरच्या पाण्यानं, डोकं बादलीतल्या. तेही नसेल तर निदान शेवटचे तांबे तरी त्यातले घ्या. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी मिळतं, ते मऊच असतं. पहिल्या दोन-चार मोठ्या सरींनी कौलं धुऊन निघाल्यावरचं धरा. पाणी उकळून गार केलं तरी काही क्षार तळाला बसतात, पण काहीच. उकळल्यानं बायकार्बोनेटचा जडपणा जातो, सल्फेट आणि क्लोराइडचा जात नाही. शिवाय नुसतं कढत करून भागत नाही, चांगली उकळी फुटावी लागते. नळाला बसवायचे जे छोटे "शॉवर फिल्टर" मिळतात, त्यातले बरेचसे क्लोरिनसाठी असतात. कठिणता कमी करायला आयन बदलणारा सॉफ्टनर लागतो, ज्यात अधूनमधून मीठ घालावं लागतं. दुकानदार दोन्हीला "हार्ड वॉटर फिल्टर" म्हणतो.

व्हिनेगरचं विचारतात. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे पांढरं व्हिनेगर, शाम्पूनंतर ओतायचं, मिनिटभरानं धुऊन कंडिशनर लावायचा. थोडा थर सुटतो आणि खवले जरा बसतात. नेहमीच्या वापराला बरं, पण महिनोन्महिने साठलेलं यानं निघत नाही. लिंबू थेट चोळू नका, टाळू झोंबते. आपल्या आज्या आंबट ताक लावायच्या किंवा शिकेकाईनं न्हायच्या, त्यात हाच आंबटपणाचा भाग होता. शिकेकाईला साबणासारखी जड पाण्यात सायही धरत नाही.

मुळाशी चिकट, टोकाला कोरडे

ही खानापूरकडची तक्रार, आणि नाजूक, पातळ केस असणाऱ्या मुलींची. पाणी मऊ असतं, केस मुळात ठीक असतो, आणि तरी कंडिशनर शाम्पूसारखा टाळूवर चोळलेला असतो. तो कानाच्या खालपासून टोकाकडे लावा. टाळूला आपलं तेल आपणच पुरवता येतं. पाठीपर्यंतच्या केसाला एका मोठ्या नाण्याएवढा पुरतो. पार्लरमध्ये आम्ही त्याहून कमी घेतो, कारण केस आधी टॉवेलनं टिपलेला असतो. पाणी निथळणाऱ्या केसावर अर्धा कंडिशनर वाहून जातो, मग बाई अजून घेते. ठेवायचा दोन-तीन मिनिटं. रात्रभर टोपी घालून ठेवल्यानं जास्त सेरामाइड आत शिरत नाही, उशी तेवढी खराब होते.

खोबरेल तेल बंद करायची गरज नाही. ते न्हाण्याच्या आधी दोन-तीन तास, सेरामाइड न्हाण्यानंतर. खोबरेलात लॉरिक ॲसिड असतं आणि ते केसाच्या आत शिरतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली होती, आणि केसातलं प्रोटीन धुऊन जाणं कमी करण्यात खोबरेलच पुढे होतं. न्हाऊन, कंडिशनर लावून, वर परत तेलाचा हात फिरवला की मात्र संध्याकाळपर्यंत चप्प. गजरा माळायचा म्हणून तेल हवंच असेल तर दोन थेंब, फक्त टोकांना.

"मला तर काही फरकच पडला नाही"

कॉलेजच्या मुली असं म्हणतात तेव्हा मी केस हातात घेऊन बघते. एक केस दोन बोटांत धरून टोकाकडून मुळाकडे बोट सरकवा, मग मुळाकडून टोकाकडे. दोन्हीकडे जवळजवळ सारखाच गुळगुळीत लागला तर केस चांगलाच आहे, सेरामाइडला करायला काही नाही. पैसे वाचवा. टोकाकडून वर जाताना अडखळला तर खवले उचकटलेत, तिथं उपयोग दिसेल. केस पाण्यात टाकून तरंगतो की बुडतो ही परीक्षा मोबाइलवर फार फिरते. तेलकट केस तरंगतो, एवढंच त्यातून कळतं.

दुसरं कारण, सेरामाइड फक्त शाम्पूत आहे. शाम्पूचं काम स्निग्ध पदार्थ काढणं, त्यातलं सेरामाइड बहुतेक मोरीतून जातं. ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड किंवा पॉलिक्वाटर्नियम-१० असं काही सोबत असेल तर थोडं केसावर राहतं. मी दोन्हींपैकी एकच घ्यायचं म्हटलं तर कंडिशनर घेईन, आणि टोकं फार गेली असतील तर न धुता ठेवायचं लिव्ह-इन.

लेबल कसं वाचायचं? भिंग लागतं, तेवढी तयारी ठेवा. सेरामाइड एनपी, एपी, ईओपी, एनजी ही खऱ्या सेरामाइडची नावं. जुन्या लेबलांवर सेरामाइड ३ असं दिसेल, ते एनपीच. लॉरियाल कंपनीचं कृत्रिम सेरामाइड २-ओलिअमिडो-१,३-ऑक्टाडेकेनडायोल या लांबलचक नावानं येतं. सेरामाइडसारखं वागणारं पण सेरामाइड नसलेलं सेटिल-पीजी हायड्रॉक्सिएथिल पामिटामाइडही असतं. समोर मोठ्या अक्षरात "सेरामाइड" आणि मागे यातलं काहीच नाही, नुसतं गव्हाचं किंवा तांदळाचं अर्क, असंही आढळतं.

नाव यादीच्या शेवटी, फिनॉक्सिएथेनॉल या टिकवणाऱ्या द्रव्याच्याही खाली असतं, म्हणून कंपनी फसवते असं समजू नका. घटक जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहितात, पण एक टक्क्याच्या खालचे कुठल्याही क्रमानं लिहिता येतात. सेरामाइड एरवीही एक टक्क्यापेक्षा खूप कमीच घालतात. महाग असतं आणि जास्त घातलं तर दाणे धरतात. मला यादीच्या वरच्या भागात सेटेअरिल अल्कोहोल आणि बेहेन्ट्रिमोनियम क्लोराइड दिसलं की बरं वाटतं. मऊपणा खरा त्यांचा, सेरामाइड त्यांच्यासोबत येऊन आपलं काम करतं. त्या "अल्कोहोल"ला घाबरू नका, तो मेणचट पदार्थ आहे, स्पिरिट नव्हे.

चेहऱ्याचं सेरामाइडचं क्रीम केसांच्या टोकांना लावणाऱ्या मुलीही येतात. नुकसान काही नाही, पण त्यात धनभाराचे पदार्थ सहसा नसतात, त्यामुळे ते केसाला धरत नाही. वर फासलेलं राहतं.

घरी पावडर मिसळून दाणे झाले

ऑनलाइन सेरामाइडची पांढरी पावडर मिळायला लागल्यापासून ही नवी भानगड. पावडर खोबरेलात टाकली, ढवळली, बाटलीत भरली. तळाशी पांढरा गाळ, वर नुसतं तेल. सेरामाइड पाण्यात विरघळत नाही आणि थंड तेलातही नाही. ते वितळायला शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर जावं लागतं, गार झालं की परत स्फटिक होतात. कारखान्यात ते फॅटी अल्कोहोल आणि इमल्सिफायरबरोबर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) तापवून, जोरानं घुसळून बारीक करतात. गॅसवर कढल्यात तेल तापवून हा प्रयोग करू नका. तेल भाजतं, हात भाजतो, आणि दाणे होतातच. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या गारठ्यात खोबरेल स्वतःच थिजतं, तेव्हा गाळ सेरामाइडचा की तेलाचा तेही कळत नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवून बघा, तेल २४-२५ अंशांच्या वर पातळ होतं. तरीही राहिलेले दाणे ते सेरामाइडचे.

काहीजणी पावडरऐवजी "सेरामाइड कॉम्प्लेक्स" आणतात, पांढरं, पातळ क्रीमसारखं. त्यात सेरामाइड आधीच विरघळवलेलं असतं, थोडंसंच असतं. हे कंडिशनरच्या बाटलीत ओतलं की कधी कधी कंडिशनर फाटतो, दही पाणी सोडतं तसं पाणी वेगळं होतं आणि गुठळ्या येतात. कारण बघायचं तर कॉम्प्लेक्सच्या लेबलवर सोडियम लॉरॉइल लॅक्टिलेट शोधा. तो ऋणभाराचा इमल्सिफायर, आणि कंडिशनर धनभाराचा. दोघं एकमेकांना धरतात आणि केसाला कोणीच उरत नाही. चेहऱ्याच्या लोशनसाठी बनवलेलं कॉम्प्लेक्स केसाच्या कंडिशनरला चालेलच असं नाही. मिसळायचंच असेल तर आधी चमचाभर कंडिशनरमध्ये दोन थेंब टाकून वाटीत रात्रभर ठेवा. सकाळी पाणी सुटलं तर अख्खी बाटली वाचली. माझं मत विचाराल तर तयार कंडिशनर घ्या. घरी वाटायला जास्वंदीची पानं आहेतच, त्यांचा बुळबुळीतपणा तरी फुकट मिळतो.

स्मूदनिंगनंतर तुटणारे केस

स्मूदनिंग म्हणजे रसायन लावून केस सरळ, गुळगुळीत करणं. इथं सेरामाइडकडून चमत्कार मागू नका. ओला केस दोन बोटांत धरून हळूच ताणा. चांगला केस ताणतो आणि सोडल्यावर मागे येतो. लगेच तटकन तुटला, किंवा च्युइंगगमसारखा लांबत जाऊन तुटला, तर आतला प्रोटीनचा सांगाडा खराब झालाय. सेरामाइड वरचं घर्षण कमी करील, गुंता सोडवताना तुटणं थोडं कमी होईल. आतलं जोडणार नाही. अशा केसाला कात्री लावणं स्वस्त पडतं, पण लग्न तोंडावर असलेल्या मुलीला हे पटवणं अवघड. मग एवढंच, स्ट्रेटनर १८० अंशांच्या वर न्यायचा नाही, ओल्या केसावर लावायचा नाही, एका बटेवर एकदाच फिरवायचा. आणि पुढच्या स्मूदनिंगच्या खुर्चीत डोळे झोंबायला लागले, नाकात तिखट वास गेला, तर खिडकी उघडायला सांगा आणि बाटलीवरची नावं वाचा. फॉर्मल्डिहाइड सोडणारी द्रव्यं असतात काहींत.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांना रोज डोकं धुवावं लागतं, तिथं वेगळं गणित. रोज शाम्पू, तोही दोनदा, म्हणजे कालचं सेरामाइड आज गेलंच. त्यांना मी काम करताना डोक्याला सुती फडकं घट्ट बांधायला सांगते, संध्याकाळी टाळूला एकदाच शाम्पू, टोकांना नुसता कंडिशनर. धूळ टाळूवर आणि वरच्या भागात असते, वेणीच्या टोकाला रगडून काही मिळत नाही.

पांढरे कण

कंडिशनर सुरू केल्यावर कोंडा झाला म्हणतात. कण टाळूवर नाहीत, केसाच्या मध्यावर चिकटलेत, नखानं ओढले की मेणासारखे निघतात, तर तो थर आहे, कोंडा नव्हे. वरचा पाण्याचा उपाय त्याला लागू. कण टाळूतूनच सुटतात, खाजही आहे, तर कोंडा असू शकतो. कोंड्यामागची बुरशी, मालासेझिया, टाळूवरच्या स्निग्ध पदार्थांवर जगते. तिला सेरामाइडनं काही होत नाही आणि वर तेलाचा मारा केला तर ती सुखावते. दोन टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू औषधाच्या दुकानात मिळतो, तो आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून. महिन्याभरात फरक नाही पडला तर चर्मरोगतज्ज्ञाकडे जा.

आणि केस राठ होण्याऐवजी मुळासकट गळत असतील, भांग रुंद दिसत असेल, गोल चट्टा पडला असेल, तर माझ्याकडे किंवा कंडिशनरकडे येऊ नका. तुटलेला केस आखूड असतो, गळलेल्याच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असते. फणीतले दहा-बारा केस पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. गाठीचे जास्त निघाले तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेणं हे पहिलं काम, बाटली नंतर.